विहीणबाईंचे मोजे आणि माझे हातमोजे

चहा घ्या, पण कप जरा जपून धरा हं. हा किस्सा ऐकताना आमच्या शेजारच्या बाईंनी चहा थेट नाकातून काढलेला, आणि सोफ्याचं कव्हर नवंकोरं होतं माझं! एवढा मोठा घोळ मी आयुष्यात दुसरा घातलेला नाही. म्हणजे छोटे घातलेत. ते सोडा.

मी कुंदा परब, राहणार डोंबिवली पूर्व. माहेर मालवणकडचं, सासरही तिकडचंच. घरात चार पाहुणे जास्त आले तर मला काही वाटत नाही, पण फरशीवर एक डाग दिसला की माझा जीव खालीवर होतो. दिवसभर हात पाण्यात. भांड्यांची पावडर, फिनेल, बाथरूम घासायचं ते निळं पाणी, वर कोळंबी सोला, लसूण सोला. हातांनी तरी किती सहन करायचं? एक दिवस त्यांनी संप पुकारला.

पेरं फुटली. तळव्यांची सालं निघायला लागली. खाज तर अशी की टीव्ही बघता बघता मी हात सोफ्याच्या कडेला घासत बसायचे. मिठाचं पाणी लागलं की डोळ्यांसमोर काजवे! इसब आहे हे मलाही कळत होतं. पण सरळ डॉक्टरकडे जाईल ती कुंदा कसली! वरच्या मजल्यावरच्या बाईंनी मेडिकलमधून एक ट्यूब आणून दिली. म्हणाल्या, "अगं, जादू आहे जादू!" आणि खरंच जादू. थोडे दिवस हात एकदम मऊ. ट्यूब बंद केली आणि पहिल्यापेक्षा दुप्पट उसळलं. मग परत ट्यूब, मग परत दुप्पट. अशी ती जादू वर्षभर चालली.

पण दुखण्याचं एवढं नाही हो. माणसांचं दुखतं. गणपतीत मी मोदक वाटत होते, तर खालच्या मजल्यावरची एक जण माझ्या हातांकडे बघून म्हणाली, "ठेवा ना टेबलावर, घेते मी नंतर." नंतर बघते तर मोदक तिथेच. मी गुपचूप उचलून घरी आणले, आमच्या ह्यांनी खाल्ले. ह्यांना काय, दोन मोदक जास्तीचे मिळाले! पण माझ्या मनाला ते फार लागलं. त्या दिवसापासून मी चारचौघांत हात ओढणीखाली घ्यायला लागले.

आणि नेमकं अशात आमच्या गौरीने घरी सांगितलं, "आई, मला अमेय आवडतो."

अमेय तिच्याच ऑफिसातला, घोडबंदर रोडला. मुलगा म्हणजे लाखात एक. आल्या आल्या वाकून नमस्कार, जेवल्यावर स्वतःचं ताट स्वतः उचलणार. पण आडनाव दातार आणि घर ठाण्याच्या नौपाड्यात, हे ऐकून मी धसकाच घेतला. आमच्याकडे सुरमई तळली की लिफ्टमधल्या माणसालासुद्धा कळतं. आणि ती माणसं आमटीत लसूण टाकायचा तर आधी घरात ठराव पास करणार! आता खरं सांगते, तसं काही नव्हतं. पण तेव्हा माझ्या डोक्यात तसंच होतं.

पहिल्या बैठकीला अमेय आणि त्याची आई दोघंच आली. वडील नाहीत त्याला. आई म्हणजे शैलजाताई, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. कॉटनची कडक इस्त्रीची साडी, बोलणं एकदम शुद्ध. दाराबाहेर चपला काढल्या, आणि बघते तर काय, पायात मोजे! मे महिन्यात! डोंबिवलीच्या उकाड्यात! मला वाटलं, काढतील आता. छे! तश्शाच येऊन बसल्या.

अस्सं! म्हणजे माझ्या फरशीला पाय लावायचा नाही होय? ज्या फरशीत बघून मी टिकली लावते त्या फरशीला?

तरी हसतमुखाने पोह्यांची बशी पुढे केली. ती घेताना त्यांची नजर माझ्या बोटांवर गेली. अगदी क्षणभर, पण गेली. मी चटकन हात ओढणीत घेतला.

मग मानपानाचं बोलणं निघालं. मी आधीच माहिती काढून ठेवलेली की त्यांच्यात मुलीच्या आईने विहिणीचे पाय धुवायचे असतात. असले हात घेऊन, भरल्या हॉलमध्ये! नुसत्या विचारानेच मला घाम फुटलेला. पण पोरीसाठी करायचंच, असं ठरवून मी मोठ्या उत्साहाने म्हटलं, "पाय धुण्याचं मी सगळं व्यवस्थित करणार हं शैलजाताई. चांदीचं ताम्हण आणते माहेरून."

शैलजाताईंनी दोन्ही पाय झटकन खुर्चीखाली ओढून घेतले.

"नको, नको. पाय धुणं अजिबात नको."

"अहो, पण तुमचा मान असतो तो..."

"मला नको तो मान. कृपा करून हा विषय पुन्हा काढू नका."

झालं! माझे हात बघितले, आणि लगेच पाय आखडते घेतले. म्हणजे असल्या हातांनी मला शिवायचं नाही, असंच ना? तुम्हीच सांगा, दुसरा काय अर्थ निघतो?

ती मंडळी गेल्यावर हे म्हणाले, "अगं, नवीन विचारांच्या असतील. चांगलंच आहे की."

"नवीन विचारांच्या बायका मोजे घालून पोहे खातात का?" मी म्हटलं. यावर ह्यांनी पेपर उघडला. अडचणीत आले की नेहमी उघडतात.

माझं डोकं मात्र भणभणायला लागलं. शैलजाताई घरी जाऊन अमेयला काय सांगतील? "मुलीच्या आईला कातडीचा रोग आहे, उद्या मुलीला होईल, परवा नातवंडांना." लग्न मोडायला आणखी काय लागतं? गौरीला यातलं काही बोलले नाही. ती आपली आनंदाने साड्या बघत होती.

पुढच्या महिन्यात आम्ही दातारांना केळवणाला बोलावलं. आता वाढणार कोण? मीच. हात दिसणार का? दिसणारच. मग माझ्या डोक्यातून एक भन्नाट कल्पना निघाली. गौरीचे स्कूटीवर घालायचे हातमोजे! ते नाही का, कोपरापर्यंत येतात, गुलाबी फुलाफुलांचे? चढवले मी ते.

वर पैठणी, हातात स्कूटीचे हातमोजे, आणि त्या हातात श्रीखंडाचं पातेलं! डोळ्यांसमोर आणा जरा.

शैलजाताई बघतच राहिल्या. "हाताला काय झालं?"

"चटका बसला. तळताना."

"अरेरे! पण दोन्ही हातांना?"

"दोन्ही हातांनी तळत होते ना!"

अमेयला ठसका लागला. गौरीने कपाळावर हात मारला. शैलजाताई मात्र काळजीने म्हणाल्या, "बघू, फार भाजलंय का?" आणि त्यांनी हात पुढे केला. मी पातेल्यासकट स्वयंपाकघरात पळाले. एवढ्या जोरात पळाले की श्रीखंड वाढायचं राहिलंच.

त्या दिवशीही त्यांच्या पायात मोजे होते बरं का! रात्रभर मला तेच दिसत राहिलं. ह्यांनी तेवढ्यातही टोमणा मारलाच, "त्यांचे पाय झाकलेले, तुझे हात झाकलेले. तू तर विकेटकीपरच दिसत होतीस."

शेवटी गौरीने मला फैलावर घेतलं. "आई, ती ट्यूब फेक आणि स्किनच्या डॉक्टरकडे जा. आता लग्न तोंडावर आलंय, मेंदी कशी काढणारेस?" डोंबिवलीतल्या डॉक्टरकडे जायला मी साफ नकार दिला. डोंबिवलीत मी कोथिंबीर घ्यायला उतरले तरी ओळखीच्या चार जणी भेटतात. मग तिने तिच्या मैत्रिणीला विचारून ठाण्यातल्या एका डॉक्टरीणबाईंचा पत्ता आणला.

दवाखाना कुठे? नौपाड्यात!

मी म्हटलं, असेना. नौपाड्यात माणसं काय कमी राहतात? त्यात नेमक्या शैलजाताईच थोड्याच भेटणार आहेत! तरी आपली काळजी म्हणून मी तोंडाला स्कार्फ गुंडाळला, गौरीचा गॉगल लावला आणि ते फुलाफुलांचे हातमोजे चढवले. रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे असं बघितलं, जणू मी बँक लुटायलाच निघाले होते.

दवाखाना तुडुंब. काउंटरवरची मुलगी नवीनच लागलेली दिसत होती, सगळ्यांना परत परत नाव विचारत होती. "अपॉइंटमेंट आहे का?"

"नाही गं, पण फार त्रास आहे बाळा."

"आज सगळं फुल आहे, काकू. नाव सांगा, उद्याचं बघते."

आता नाव सांगायचं, तेही दातारांच्या नौपाड्यात, सगळ्यांदेखत! खरं सांगितलं आणि ही पोरगी 'परब, डोंबिवली' असं ओरडली तर? काहीतरी दुसरं सांगू म्हटलं. पण गेले दोन महिने माझ्या डोक्यात एकच नाव घोळत होतं, तेच तोंडातून बाहेर पडलं.

"शैलजा दातार."

मुलीचा चेहरा एकदम खुलला. "अहो, मग आधी नाही का सांगायचं? तुमची वेळ आहेच की! बसा, बोलावते."

आता तुमच्यातल्या कुणालाही इथे काहीतरी शंका आली असती की नाही? मला नाही आली! मी काय म्हटलं माहितीये? बघा, नौपाड्यात या नावाला काय वजन आहे! नुसतं नाव घेतलं तर नंबर लागतो! आणि मी खुशीत बाकावर जाऊन बसले.

थोड्या वेळाने एक बाई आल्या. नाकावर मास्क, डोक्यावरून स्कार्फ, गडद चष्मा. काउंटरवरची मुलगी फोनवर होती, म्हणून त्या मान हलवून सरळ माझ्या शेजारी येऊन टेकल्या. मी म्हटलं, आहे कुणीतरी आपल्यासारखीच बिचारी. मला एकदम माया वाटली.

"तुम्हालापण?" मी हळूच विचारलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. बघतच राहिल्या. मग मास्कला हात घालून म्हणाल्या, "अहो..."

"राहू दे, राहू दे! लाजायचं काय त्यात? हे माझे बघा." मी हातमोजे उतरवले आणि दोन्ही तळवे त्यांच्यासमोर धरले. "मुलीचं लग्न ठरलंय आणि ही दशा! पण त्रास हाताचा नाहीये. त्रास आहे आमच्या विहीणबाईंचा."

"विहीणबाईंचा?" त्यांचा आवाज मास्कमधून अगदी बारीक आला.

"तर काय! शिकलेल्या आहेत, वागायला सभ्य आहेत, सगळं आहे. पण तोरा बघा! माझ्या घरात मोजे घालून बसतात. माझी फरशी बघाल तर जेवायला ताट घेणार नाही तुम्ही."

"मला वाटतं, मीच..."

"थांबा, खरी गंमत तर पुढेच आहे!" आणि मग मी त्या बाईंना पोहे, ताम्हण, खुर्चीखाली गेलेले पाय, श्रीखंड, सगळं सांगितलं. अगदी हावभाव करून. त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं, माझ्या दुःखाने हलतायत.

सांगता सांगता मात्र माझंच काय झालं कुणास ठाऊक. "मला हातांचं काही नाही हो," मी म्हटलं. "फुटले तर फुटले. पण माझ्या हातांपायी पोरीचं लग्न मोडलं तर? मुलगा इतका चांगला आहे. त्याचा फोन आला ना, की गौरी आतल्या खोलीत जाऊन खुदखुदत बसते. ते हसणं माझ्यामुळे बंद झालं तर मी तिला तोंड कसं दाखवू?" आणि भर दवाखान्यात मला रडू फुटलं. गॉगलच्या आतून पाणी, खाली स्कार्फ भिजलेला, नुसता अवतार!

त्या बाईंनी माझा हात हातात घेतला. उघडा, फुटलेला, सालं निघालेला हात. दोन्ही हातांनी घट्ट धरला. गौरी आणि हे सोडले तर कितीतरी महिन्यांनी कुणीतरी माझा हात न बिचकता धरला होता. मला इतकं बरं वाटलं, काय सांगू! मी म्हणणारच होते की, बाई, तुमच्यासारखी विहीण मिळाली असती तर...

तेवढ्यात काउंटरवरून खणखणीत आवाज आला. "शैलजा दातार!"

मी उठले.

त्याही उठल्या.

मी म्हटलं, "तुम्ही बसा, माझा नंबर आहे."

त्यांनी मास्क खाली केला, चष्मा काढला आणि शांतपणे म्हणाल्या, "कुंदाताई, माझाही आहे."

दवाखान्याची फरशी काही दुभंगली नाही. मी खाली बघून खात्री केली. आणि खाली बघितलं तेव्हा दिसलं, त्यांच्या पायात बंद बूट, आणि बुटांतून डोकावणारे तेच ते मोजे!

काउंटरवरची मुलगी गोंधळली. "दातार नक्की कोण?"

आता माझी अब्रू चव्हाट्यावर येणार, हे मी ओळखून होते. दुसऱ्याच्या नावावर नंबर चोरणारी बाई! वर त्या बाईची तिच्याच तोंडावर निंदा केलेली! लग्न मोडायचं बाकी राहिलं असेल तर ते मी स्वतःच्या तोंडाने मोडलेलं.

शैलजाताई म्हणाल्या, "आम्ही दोघीही. एकाच घरातल्या आहोत. आधी यांना तपासायला सांगा, यांना जास्त त्रास आहे."

एकाच घरातल्या! अहो, मी तोंड उघडून उभी. शेवटी मला दंडाला धरून त्यांनीच आत नेलं.

डॉक्टरीणबाईंनी हात बघितले आणि ट्यूब बघितली. ट्यूब बघून मला असं झापलं की शाळेची आठवण झाली. "कुणाचीही ट्यूब कशी लावता? यात स्टेरॉइड आहे. कधी, किती, कुठे लावायचं ते आम्ही ठरवायचं, शेजारणीने नाही." मग नीट समजावून सांगितलं. हे हाताचं इसब. साबणाने आणि पावडरीने वाढतं. भांडी घासताना आत सुती मोजे, वर रबरी. हात धुतले की ओलसर असतानाच मलम. आणि मुख्य म्हणजे, हे कुणाला लागत नाही.

"नक्की? मोदक वळले तरी?"

"मोदक खुशाल वळा. फक्त बोटं फुटलेली असतील, त्यातून पाणी येत असेल, तेव्हा जरा हातांना सुट्टी द्या. ती तुमच्यासाठी. दुसऱ्या कुणाला काही होत नाही." मग त्या शैलजाताईंकडे वळल्या. "हं, दाखवा पाय."

शैलजाताईंनी बूट काढले. मग थांबल्या. माझ्याकडे बघितलं आणि एक एक करून मोजे उतरवले. टाचा चिरलेल्या, तळवे लाल, वर पांढरे जाड पापुद्रे. मुख्याध्यापिकाबाई मान खाली घालून बसल्या होत्या.

"सोरायसिस आहे मला. खूप वर्षांपासून," त्या म्हणाल्या. "हेही कुणाला लागत नाही, पण लोकांना कुठे माहीत असतं? तुम्ही पाय धुते म्हणालात आणि माझी घाबरगुंडी उडाली. हे बघितल्यावर तुम्ही मुलगी द्याल का, याचीच धास्ती. त्यात तुमची ती आरशासारखी फरशी! तिच्यावर माझे पापुद्रे पडले तर? म्हणून मोजे काढले नाहीत."

म्हणजे ज्या फरशीचा मला एवढा गर्व, तिनेच घोळ घातलेला! मला हसावं की रडावं कळेना. मी दोन्ही केलं. शैलजाताईंनीही केलं. डॉक्टरीणबाई घड्याळाकडे बघत म्हणाल्या, "बाहेर पेशंट थांबलेत हो."

पैसे देताना मी खरं नाव सांगितलं. ती बिचारी पोरगी अजून चक्रावलेलीच होती.

लग्न झालं. अगदी थाटात झालं. माझे हात पूर्ण बरे झालेत असं नाही, मधूनमधून उसळतात. पण मेंदी राहू दे म्हटलं आणि तसेच मोकळे हात घेऊन हॉलभर मिरवले. कुणाला बघायचंय त्याने बघावं.

मुहूर्ताच्या आधी शैलजाताईंनी मला हळूच नवरीच्या खोलीत बोलावलं आणि आतून कडी लावली. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या, मोजे काढले आणि म्हणाल्या, "धुवायचे होते ना? धुवा." मी कोमट पाण्याने त्यांचे पाय धुतले, मऊ पंच्याने टिपले आणि ओलसर असतानाच दोन्ही पायांना त्यांचं साधं, मऊ करणारं मलम लावलं. हेच डॉक्टरीणबाईंनी मलाही सांगितलेलं, त्यामुळे त्यांच्या पायांबरोबर माझ्याही हातांना लागलं. बाहेर कुणीतरी दार वाजवत होतं, गुरुजींचा आवाज येत होता. मी तशीच खाली बसून राहिले. देवाने ही बाई माझ्या पोरीला सासू म्हणून दिली, या विचाराने माझ्या डोळ्यांत पाणीच आलं हो.

"शैलजाताई," मी म्हटलं, "एक विचारू? दवाखान्यात तुम्ही मला ओळखलं कधी?"

"शेजारी बसले तेव्हाच. ते फुलाफुलांचे हातमोजे ठाण्यात दुसऱ्या कुणाकडे असणार?"

"मग सांगितलं का नाही? मी एवढं काय काय बोलून बसले! एका शब्दाने थांबवायचं तरी!"

"थांबवणारच होते हो," शैलजाताई म्हणाल्या. "म्हटलं, तुम्ही श्वास घ्यायला थांबलात की सांगू. तुम्ही थांबलाच नाहीत."